हिरव्या सालीचं पार्किन्सोनिया बाभळींत कसं ओळखायचं?

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, दौंड-बारामतीकडच्या कोरड्या पट्ट्यात काटेरी झाडं भरपूर. त्यात पार्किन्सोनिया अॅक्युलिआटा शोधायचं तर एप्रिल-मे बरा. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं; अॅरिझोना-मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटातही ते रानात वाढतं. पाणी तुटलं की पर्णिका (पानाची बारीक उपपानं) गाळतं आणि सालीतल्या हरितद्रव्यावर अन्न बनवत राहतं. म्हणून सुरुवात सालीपासून करा.

मनगटाएवढी जाड फांदी निवडा. कोवळ्या डहाळ्या तर कितीतरी झाडांच्या हिरव्या असतात, आणि जुन्या पार्किन्सोनियाचा बुंधा तळाशी तपकिरी, भेगाळलेला निघतो. दोन्हीकडे फसायला होतं. फांदी ओल्या फडक्याने पुसा. धूळ निघाली की गुळगुळीत हिरवी साल दिसते. पावसाळ्यात मात्र कुठल्याही सालीवर शेवाळ चढतं. हिरवा रंग फडक्याला लागला तर तो सालीचा नव्हे. नखाने खरवडू नका. वरचा थर काढल्यावर आतून हिरवी निघणारी साल अनेक झाडांना असते, त्यावरून काहीच ठरत नाही.

खरी खात्री पानावरून. मुख्य देठ अगदी आखूड आणि टोकाला काटा झालेला असतो. तिथून २ ते ४ चपट्या हिरव्या पट्ट्या लोंबतात, साधारण २० ते ४० सेंटिमीटर लांब, दोन्ही कडांना इवल्या पर्णिका. पर्णिका गळल्या तरी पट्ट्या टिकतात. अशी पानं ना बाभळीला, ना वेड्या बाभळीला.

फूल पिवळं, पाच सुट्या पाकळ्यांचं. एका पाकळीवर तांबडे ठिपके. बाभळीला गोल गोंडे येतात, वेड्या बाभळीला लांबट तुरे. शेंगेवर मात्र विसंबू नका: बियांच्या मध्ये आवळलेली शेंग बाभळीलाही असते. फरक इतकाच की बाभळीची पांढुरकी, लवदार, तर पार्किन्सोनियाची गुळगुळीत आणि दोन्ही टोकांना निमुळती.

पानंच नसलेलं हिरवं झुडूप दिसलं तर दोन शक्यता आधी तपासा. जोडीजोडीने काटे आणि लालसर फुलं असली तर ती आपली देशी नेपती. काटे अजिबात नसून डहाळ्या पेन्सिलीएवढ्या गोल असल्या तर तो बहुधा शेर; डहाळी मोडून पाहू नका, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.