तंबू गळत नव्हता, झिप आम्ही लावली होती: खानापूर-कणकुंबीकडच्या मुक्कामी ट्रेकमध्ये या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या काजूच्या बागेत आम्ही तिघांनी तंबू ठोकला होता. पहाटे चारला तोंडावर टपकन थेंब पडला आणि जाग आली. बाहेर आभाळ चांदण्यांनी गच्च, पावसाचा पत्ता नाही, आणि आत छत ठिबकतंय. सोमवारी मी तणतणत तंबू घेऊन बेळगावातल्या दुकानात गेलो. दुकानदारानं शांतपणे विचारलं, "किती जण झोपला होतासा?" म्हटलं, तिघं. "आणि झिप?" पूर्ण लावली होती, थंडी असते की ओ. त्यानं तंबू उघडलाही नाही, तसाच माझ्याकडे सरकवला. "मग वरच्या दोन खिडक्या कशाला दिल्यात वाटलं तुम्हाला?"

ते पाणी आमचंच होतं. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून निदान पेलाभर पाणी हवेत सोडतो. तिघांचं ते पाणी बंद तंबूत कोंडतं, थंड कापडाला लागतं आणि थेंब होऊन खाली येतं. त्यात आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत दव असं पडतं की सकाळी गवतातून चाललं तर पँट गुडघ्यापर्यंत भिजते. हिमालयातले व्हिडिओ बघून आपण सामान घेतो आणि मुक्काम करतो दवाच्या मुलखात, बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. उपाय फुकटचा आहे. वरच्या खिडक्या उघड्या ठेवा, बाहेरचं कापड आतल्या जाळीला चिकटणार नाही इतकं ताणून बांधा, ओले सॉक्स आणि बूट बाहेरच्या पडवीत ठेवा. झोपताना थोडी थंडी वाजेल, पण कोरडे उठाल.

खरंच गळतोय का, हे ओळखायला आधी पाणी कुठे आहे ते बघायचं. छतभर बारीक थेंब असतील तर ते दमटपणाचं पाणी. शिवणीच्या रेषेवरूनच ओघळ येत असेल तर आतली पट्टी सुटलेली आहे. ती काढून सीम सीलर, म्हणजे शिवण बुजवायचा चिकट द्रव, लावा आणि दिवसभर वाळू द्या. तळातून ओल येत असेल तर बहुतेक वेळा दोष खाली अंथरलेल्या प्लॅस्टिकचा असतो. ते तंबूच्या बाहेर चार बोटं डोकावत असलं की पाऊस त्यावर पडतो आणि सरळ तुमच्या पाठीखाली येऊन साचतो. ते आत दुमडून घ्या. तंबूच्या पिशवीवर १५०० असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड पेलतं. हिवाळ्याला तेवढं पुरतं. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की दाब वाढतो, म्हणून तळाचं कापड ३००० च्या पुढचं बघा. कोरड्या अथणीला कित्येक वर्षांत पडतो तेवढा पाऊस कणकुंबीला एका पावसाळ्यात पडतो, आणि जिल्हा मात्र एकच. "बेळगावात पाऊस कमी झालाय" हे ऐकून निघू नका.

जागेचंही तसंच. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारावर, खुंट्या शिरत नाहीत, दगडानं ठोकल्या तर वाकतात. तिथे दोरी मोठ्या दगडाला बांधायची. इथं गाठ यावी लागते, आणि दहातल्या आठांना ती येत नाही. निरगाठ मारून ठेवतात, रात्री दवानं कापड सैल पडतं आणि दोरी ताणायला जावं तर गाठ सुटत नाही. सरकवता येणारी एकच गाठ शिका. घरी खुर्चीच्या पायाला बांधून, डोळे मिटून, वीस वेळा. कापणी झालेलं भाताचं वावर मऊ आणि सपाट दिसतं म्हणून तिथं पथारी टाकू नका. दाणे असतात म्हणून उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

सॅक आणि बूट

सॅकमध्ये जड वस्तू तळाशी कोंबणं ही सगळ्यांची पहिली चूक. पाणी, तंबू, शिधा हे पाठीला लागून मधल्या उंचीवर हवं, स्लीपिंग बॅग तळाला. भार कमरेच्या पट्ट्यावर यायला हवा. खांदे दुखत असतील तर सगळे पट्टे सैल करा, आधी कमरेचा पट्टा हाडावर घट्ट करा, मग खांद्याचे ओढा. एका मुक्कामाला शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला १३ किलो, पाण्यासकट. भरलेली सॅक घेऊन एका रविवारी येळ्ळूर गावातून राजहंसगड चढून या. अर्ध्या वाटेवर कळतं की तिसरी जीन्स कशाला आणली. रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी शिरतंच. आमच्याकडे खताच्या पोत्यातली जाड प्लॅस्टिक पिशवी स्वच्छ धुऊन आत कपड्यांना वापरतात. तिच्याइतकं खात्रीचं मला अजून काही सापडलेलं नाही.

बुटांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रकार फसवा आहे. पारगडाच्या पायऱ्या उतरताना आमच्यातल्या एकाच्या बुटाचा सोल पापडीसारखा निघाला. महागडे बूट, जेमतेम दोनदा घातलेले. त्याचं म्हणणं, "जपून ठेवलेले की रे, चार वर्षं खोक्यातनं बाहेर काढले नाहीत." नेमकं तेच नडलं. बऱ्याच बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन नावाचा फेस असतो. हवेतल्या दमटपणानं तो आतल्या आत कुजतो आणि खोक्यात पडून राहिला तर जास्तच. म्हणून ट्रेकच्या पंधरा दिवस आधी बूट हातात घेऊन पिळा आणि सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. भुसा पडला किंवा भेग दिसली तर बूट गेला, कितीही डिंक लावा. फेस शाबूत असेल आणि नुसता डिंक सुटला असेल तर मोच्याकडून कडेनं गोल शिवून घ्या. वाटेतच निघाला तर बुटाच्या पुढून-मागून चिकटपट्टीचे वेढे मारा. ती पट्टी वेगळी न्यायला नको, पाण्याच्या बाटलीला आधीच गुंडाळून ठेवायची. आमच्याकडे त्या दिवशी ती नव्हती. गडावरच्या एका घरानं सुतळी दिली. तानाजींचा मुलगा रायबा मालुसरे यांच्या वंशजांची वस्ती अजून त्या गडावर आहे, म्हणून निभावलं. निर्जन गड असता तर अनवाणी उतरावं लागलं असतं.

आणि नवे बूट घेताना अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. बूट नेमके मापाचे असले की उतारावर नखं काळी पडतात.

रात्र, शेगडी, शिधा

थंडी वाजली की लोक अंगावर दुसरं पांघरूण घेतात, पण निम्मी थंडी खालून येते. अंगाखाली फोमची चटई हवीच. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात. दुकानदार खालचा आकडा सांगतो, तुम्ही वरचा वाचा, सुखाची झोप त्यालाच लागते. आमच्या भागात हिवाळ्यातल्या रात्रीला १० अंशांची बॅग आणि एक स्वेटर पुरतो. घरी ती पिशवीत दाबून ठेवू नका, कपाटात मोकळी टांगा.

तंबूत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतून जागही येत नाही. यात जमवून घ्यायला जागा नाही. खरं तर एका मुक्कामाला स्टोव्ह लागतो कशाला? कडक भाकरी, शेंगाची चटणी, गूळ, दोन शेंगापोळ्या आणि चिरमुरे-फुटाणे यावर दोन दिवस आरामात निघतात, भांडीही घासावी लागत नाहीत. नूडल्सची पाकिटं नेणाऱ्यांना सकाळी पाणी पुरत नाही, हे मी दरवेळी बघतो. फेब्रुवारीनंतर ओढे आटतात, नकाशावर निळी रेघ दिसली तरी पाणी असेलच असं नाही. माणशी चार लिटर घेऊन निघा. ओढ्याचं पाणी आधी कापडातून गाळा, मग उकळा. क्लोरीनची गोळी गढूळ पाण्यात टाकून लगेच प्यायलात तर तिचा उपयोग नाही, अर्धा तास थांबावं लागतं.

"गावात पाहुणा आहे" म्हणजे परवानगी नव्हे

ही चूक आपल्याच भागातली. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं. आमगाव, गवाळीसारख्या गावांत आपले नातेवाईक असतात, भाषा आपली, वाट पाहुण्याला पाठ. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पाहुण्याचा उल्लेख नाही, आत शिरायला वन खात्याचीच परवानगी लागते. त्यात चोर्ल्याच्या बाजूला कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांची राने एकमेकांना चिकटलेली. एक दांड ओलांडला की गोव्याचं म्हादई अभयारण्य, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्राचं तिळारी. खानापूरची चिठ्ठी तिथं चालत नाही. आधी वाट नकाशावर हद्दीसकट आखा, मग अर्ज करा. परतताना गोव्याहून आलात तर नाक्यावर दारू आहे का बघायला सॅक उघडतात, एवढं ध्यानात असू द्या. दूधसागरला रुळांवरून चालत जाणं हाही गुन्हाच आहे, "सगळे जातात" हे तिथं ऐकून घेत नाहीत.

या रानात अस्वलं आहेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला चालू नका, पाच वाजता मुक्कामाला पोचलेलं बरं. चालताना बोलत चला, कानात काही घालू नका. अचानक समोरासमोर येणं हाच खरा धोका.

जळवांना बायाबापड्या तंबाखूचं पाणी वापरतात, निपाणी जवळ असल्यावर तंबाखूला तोटा नाही. ते सॉक्सच्या बाहेरूनच लावा, ओल्या कातडीवर नको. चिकटलेली जळू ओढू नका, जाळूही नका. नख आडवं सरकवून तोंड सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही. गोचीड मात्र हलक्यानं घेऊ नका. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर रानात सापडलेला माकडताप गोव्याच्या सत्तरीत आणि दोडामार्गातही आला आहे, आणि तो गोचिडीतून पसरतो. डिसेंबर ते मे जपा. पालापाचोळ्यावर बसू नका, पँट सॉक्समध्ये खोचा, मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच वन खात्याला कळवा. परतल्यावर आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आधी सांगा.

कणकुंबीच्या पुढे मोबाइल रेंज शोधत बसतो आणि दुपारीच बॅटरी संपते. नकाशा घरीच उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका. जिथे रेंज येते तिथे ११२ चालतो. कुठल्या वाटेनं जाणार आणि वस्तीची बस किती वाजता आहे, हे घरात कागदावर लिहून ठेवा.

आल्यावर तंबू ओला गुंडाळून माळ्यावर टाकू नका, दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. सावलीत, वाऱ्याला, गच्चीवरच्या दोरीवर पसरा. आमच्या आईला ती दोरी पापडांसाठी लागते, त्यामुळे ट्रेक ठरवायच्या आधी मी तिला विचारतो.