ऊसगाड्यांच्या हंगामात अंगणवाडीतल्या मुलांना रस्ता शिकवताना
कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर पुढे गेला की मूल धावतं. मागची ट्रॉली त्याच्या ध्यानातच नसते. म्हणून अंगणात चुन्याने ८ फुटी रस्ता आखा. तिघांना एक लांब दोरी धरायला लावा: पहिला ट्रॅक्टर, मागचे दोघे ट्रॉल्या. दोरीचं शेवटचं टोक जाईपर्यंत बाकीच्यांनी मोठ्यांचा हात धरून काठावर थांबायचं. एका वेळी ५-६ मुलं, रोज १० मिनिटं. रस्ता ओलांडायचं नुसतं गाणं पाठ झालं तर तोंड चालतं, पाय थांबत नाहीत. 'थांब'बरोबर कन्नड 'निल्लु'ही शिकवा. ओरडून थांबवणारा मराठी असेल किंवा कन्नड.

पालकसभेत मात्र बजावून सांगा: पलीकडून मुलाला हाक मारू नका. आई दिसली की ते रस्ता बघतच नाही. आपणच ओलांडून जा, हात धरून आणा.