शेप-लोगन फँटम नीट वापरायचा तर

सीटी स्कॅनचं चित्र बांधणारा प्रोग्राम तपासायला तालुक्याच्या नेटवर मोठमोठे सीटी डेटासेट उतरवत बसायची गरज नाही. शेप-लोगन फँटम म्हणजे तपासणीसाठीचं नकली चित्र: दहा लंबवर्तुळं, प्रत्येकाचे सहा आकडे, केंद्राचे दोन, अर्ध-अक्षांचे दोन, तिरकेपणा आणि घनता. वहीच्या एका पानावर मावतो. लॅरी शेप आणि बेंजामिन लोगन यांनी १९७४ मध्ये डोक्याच्या छेदासाठी तो मांडला.

आधी कोणता फँटम ते ठरवा. मूळ फँटममध्ये कवटी २.०, मेंदू १.०२, पोकळ्या १.००, गाठी १.०३. पूर्ण रेंजमध्ये फक्त कवटीचं कडं उठून दिसतं, विंडो (पडद्यावर दाखवायच्या घनतेची मर्यादा) ०.९९ ते १.०४ ठेवा. सुधारित फँटममध्ये कवटी १, मेंदू ०.२, गाठी ०.३. तो डोळ्याला सोपा, तसाच अल्गोरिदमलाही. दोन्हींच्या चुका एका तक्त्यात मांडू नका.

खरा घोळ सायनोग्राममध्ये होतो, म्हणजे सगळ्या कोनांतल्या प्रोजेक्शनच्या (किरणाच्या वाटेवरच्या घनतेच्या बेरजेच्या) तक्त्यात. २५६×२५६ च्या चित्रावरून प्रोजेक्शन काढायचं आणि त्याच जाळीवर चित्र परत बांधायचं, म्हणजे आपणच पेपर काढून आपणच सोडवणं. मार्क चांगलेच पडणार. त्यापेक्षा प्रोजेक्शन थेट सूत्रानं काढा. प्रोजेक्शनच्या कोनातून लंबवर्तुळाचा तिरकेपणा वजा केला की क, लंबवर्तुळाच्या केंद्रापासून किरणाचं अंतर त, अर्ध-अक्ष अ, ब, घनता घ. मग

स² = अ²·कोसाइन²क + ब²·साइन²क
प्रोजेक्शन = २·घ·अ·ब·√(स² − त²) ÷ स²

त जर स पेक्षा मोठा असेल तर शून्य. दहाही उत्तरांची बेरीज करा. वरच्या घनता एकावर एक पडलेल्या लंबवर्तुळांच्या बेरजेच्या आहेत, म्हणून मेंदूच्या लंबवर्तुळाचा घ १.०२ नव्हे, १.०२ − २.० = −०.९८. पडताळा: पहिलं लंबवर्तुळ ०.६९, ०.९२, घनता २. कोन शून्य, त शून्य, तर उत्तर ३.६८ यायलाच हवं. १.८४ आलं तर सुरुवातीचा २ सुटला, २.७६ आलं तर अ-ब ची अदलाबदल झाली.

डिटेक्टर २५६ असतील तर १८० अंशांत साधारण ४०० कोन घ्या (डिटेक्टर गुणिले १.५७). ९० कोनांवर कवटीपासून रेघा सुटतात. तो चित्र बांधतानाच्या फिल्टरचा दोष नव्हे, कोन कमी पडल्याचा.

नॉइज घालताना एकक सांभाळा. फँटमचं १ एकक १० सेंमी धरलं आणि ७० केईव्ही ऊर्जेच्या एक्स-रेचा पाण्यातला क्षय सेंमीला ०.१९ घेतला, तर प्रोजेक्शनला १.९ ने गुणा. मग मूळ फँटममध्ये १,००,००० फोटॉनपैकी लांब अक्षावरून साधारण २,३५० पोचतात, त्यावर पॉइसन नॉइज (मोजणीतला यादृच्छिक चढउतार) घाला. पिक्सेलची नुसती बेरीज घातांकात टाकली की मोजणी शून्य येते, लॉग अनंत होतो, चित्राचा चिवडा.

टोटल व्हेरिएशनसारख्या (शेजारच्या पिक्सेलमधले फरक कमी ठेवणाऱ्या) पद्धती या फँटमवर फार गोड दिसतात, कारण यातला प्रत्येक तुकडा सपाट. म्हणून दुसरं चित्र स्वतः काढा: वरुड-मोर्शीच्या संत्र्याची चकती. त्रिज्या ०.८, साल ०.०६ जाड आणि ०.६ घनतेची, दहा फोडी, मधले पडदे ०.०१ जाड आणि १.०५, गर मध्याकडून सालीकडे १.०० ते १.०३ हळूहळू वाढता. गरात पायऱ्या दिसल्या तर टोटल व्हेरिएशनचं वजन जास्त झालं. याला वरचं सूत्र लागू नाही. १०२४ च्या जाळीवर प्रोजेक्शन काढून २५६ वर बांधा. आवर्ती (फेरीफेरीनं चित्र सुधारणारी) पद्धत चालवत असाल तर दर २० फेऱ्यांनी फाइल सेव्ह करा, भारनियमन सांगून येत नाही. शेवटी मध्याकडून बाहेर पाहत या: पडदे ज्या त्रिज्येला एकमेकांपासून सुटे दिसू लागतात, ती नोंदवा; ती जितकी लहान, तितकं चित्र स्पष्ट.