अमेरिकेतल्या जुन्या घराण्याची वंशावळ शोधताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत नातवंडांची वंशावळ आता आई-वडील दोघांच्या बाजूने मांडली जाते. सुनेचं किंवा जावयाचं घराणं 1776 च्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या, आधीचं निघालं, की शोध बहुतेक वेळा एकाच जागी अडतो. मॅसॅच्युसेट्समध्ये एक आडनाव सापडतं, शंभर वर्षांनी तेच केंटकीत दिसतं आणि मधल्या पिढ्यांचा पत्ता लागत नाही.

नाव जुळलं म्हणून नातं जोडू नका

सगळ्यात जास्त वंशावळी इथेच बिघडतात. या बाबतीत अब्राहम लिंकन यांचा कित्ता गिरवावा. डिसेंबर 1859 मध्ये त्यांनी स्वतःची थोडक्यात माहिती लिहून दिली. आपले पूर्वज पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स कौंटीतून (कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) व्हर्जिनियात आले, इतकं त्यांना माहीत होतं. न्यू इंग्लंडमधल्या (मॅसॅच्युसेट्स आणि आसपासचा ईशान्य भाग) लिंकन घराण्याशी नातं लावायचा प्रयत्न झाला, पण इनॉक, लेव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या साम्यापलीकडे काही हाती आलं नाही, असं त्यांनी सरळ लिहून टाकलं.

नातं खरं तर होतं. 1637 मध्ये इंग्लंडहून येऊन मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅमला स्थायिक झालेले सॅम्युअल लिंकन हे त्यांचे थेट पूर्वज. तरीही पुरावा हाती नसताना ते जोडलं नाही, हेच योग्य होतं.

पिढ्या जुळतात त्या जमिनीच्या कागदांवरून. सॅम्युअलचा नातू मॉर्डेकाय न्यू जर्सीत गेला आणि तिथून पेनसिल्व्हेनियात. 1736 मध्ये तो वारला. त्याच्या मृत्युपत्रात न्यू जर्सीतली 300 एकर जमीन मुलगा जॉन याला दिली आहे. त्या एका नोंदीने दोन वसाहती आणि बाप-लेक एकदम बांधले जातात. म्हणून शोध नेहमी अलीकडून मागे न्यावा, एका वेळी एकच पिढी, आणि प्रत्येक जोडाला एक कागद असावा.

नावाचा सापळा किती वाईट असू शकतो, तेही याच घरात दिसतं. मॉर्डेकायच्या मृत्यूनंतर जन्मलेला त्याचा मुलगा अब्राहम. जॉनचा हा सावत्र भाऊ बर्क्समध्येच राहिला आणि त्याचं लग्न केंटकीतल्या सुरुवातीच्या वसाहतीसाठी प्रसिद्ध असलेल्या डॅनियल बून यांच्या चुलत बहिणीशी झालं. जॉनचा मुलगाही अब्राहम, जन्म 1744. चुलता-पुतण्यांत जेमतेम आठ वर्षांचं अंतर! राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे आजोबा म्हणजे हा पुतण्या. वय, बायको आणि शेजारी, तिन्ही ताडून पाहिल्याशिवाय असे दोघे वेगळे करता येत नाहीत. नावापुढे ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ असलं तरी ते बाप-लेक असतीलच असं नाही. त्या काळी गावातल्या एकाच नावाच्या थोरल्या-धाकट्यांनाही तसं लिहीत.

वाट किनाऱ्याने गेली असं धरू नका

नकाशावर मॅसॅच्युसेट्स ते व्हर्जिनिया सरळ रेघ ओढली, तर शोध चुकीच्या दप्तरात जातो. अठराव्या शतकात दक्षिणेकडे निघालेली असंख्य कुटुंबं फिलाडेल्फियाहून लँकेस्टर, यॉर्कमार्गे पोटोमॅक नदी ओलांडून व्हर्जिनियातल्या शेनंडोआ खोऱ्यात उतरली. ही ‘ग्रेट वॅगन रोड’ची वाट. पुढे ती नॉर्थ कॅरोलिनात सॉल्झबरीकडे जाते. पेनसिल्व्हेनियात जमीन महागली होती, आणि डोंगररांगा प्रवाशाला आपोआप नैऋत्येकडे वळवत होत्या. जर्मन आणि आयर्लंडच्या उत्तरेतल्या अल्स्टरहून आलेले स्कॉट-आयरिश लोक मोठ्या संख्येने याच वाटेने गेले. बून कुटुंब 1750 च्या सुमारास बर्क्समधून निघालं आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या याडकिन खोऱ्यात पोचलं. जॉन लिंकन 1768 मध्ये शेनंडोआत आले. त्यांचा मुलगा अब्राहम पुढे केंटकीला गेला.

कौंटीचं नाव कायम होतं असं समजू नका

जॉन लिंकन यांची शेती 1768 मध्ये ऑगस्टा कौंटीत होती. 1778 पासून तीच जमीन रॉकिंगहॅम कौंटीत मोडू लागली. शेत जागचं हललं नाही, कचेरी बदलली. केंटकी तर 1792 पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता. त्यामुळे आधी गाव आणि वर्ष पाहा, मग त्या वर्षी ते कोणत्या कौंटीत होतं ते, आणि मगच दप्तर उघडा.

घरात सांगितलेल्या सालावर विसंबू नका

आजोबा 1781-82 च्या सुमारास केंटकीला गेले आणि वर्षा-दोन वर्षांत मारले गेले, असं लिंकन यांनी लिहिलं. प्रत्यक्षात ती घटना 1786 ची. खुद्द नातवाच्या हातचं साल इतकं चुकू शकतं. म्हणून आगे-मागे पाच वर्षं तरी चाळावीत.

1752 पूर्वीच्या तारखांना आणखी एक पेच आहे. इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी 1735 असं लिहिलेला दिवस आपल्या हिशोबाने 1736 चा. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक महिन्यांना आकडे देत, आणि त्यांचा पहिला महिना तेव्हा मार्च होता.

नोंद नाही म्हणजे माणूस नव्हता, असं नाही

1790 च्या पहिल्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव 1850 पासून येतं. व्हर्जिनियाची 1790 ची पत्रकं तर शिल्लकच नाहीत. तिथे 1780 च्या दशकातल्या कराच्या याद्या पाहाव्यात. 1786 मध्ये, म्हणजे लिंकन यांचे आजोबा मारले गेले तेव्हा, मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाची जमीन व्हर्जिनियाच्या कायद्याने थोरल्या मुलाकडेच जाई. त्यामुळे धाकटी मुलं जमिनीच्या कागदांत येतच नाहीत. ती शोधायला लग्नाच्या नोंदी, कराच्या याद्या आणि शेजाऱ्यांच्या खरेदीखतांवरच्या साक्षीदारांच्या सह्या पाहा. एका वाटेने निघालेली कुटुंबं पुढेही बऱ्याचदा शेजारीच राहत. एखाद्याचं मागचं गाव सापडत नसेल, तर त्याच्या साक्षीदाराचं शोधा.