ल्यूबेकची वेस पाहायला जाताना

मुलं जर्मनीत राहिली की आईवडिलांची एक तरी फेरी तिकडे होतेच. हॅम्बुर्गला गेलात तर रेल्वेने पाऊण तासावरच्या ल्यूबेकला जाच आणि तिथली होल्स्टेनटोर ही वेस सावकाश पाहा. तयारी मात्र इथूनच करा.

एखाद्या रविवारी सकाळी फ्लोरा फाउंटनपाशी उभे राहा. मुंबईच्या कोटाचं चर्चगेट इथे होतं. वाट सेंट थॉमस चर्चकडे जायची, म्हणून ते नाव. 1862 पासून, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, कोट पाडायला घेतला. अपोलो गेट, बाजारगेट, तीही गेली. मी गिरगावात 26 वर्षं इतिहास शिकवला. दर वर्षी मुलांना इथे आणायचे आणि कुणीतरी विचारायचंच, "बाई, दरवाजा कुठंय?" दाखवायला काही नसायचं, याची रुखरुख मला अजून आहे.

आता ल्यूबेक. स्टेशनवरून दहाएक मिनिटं चाललात की वेशीची बाहेरची बाजू समोर येते. लगेच कमानीतून आत जाऊ नका. 1464 ते 1478 या काळात हिनरिश हेल्मश्टेडेने हे दोन जाडजूड बुरूज विटांत उभे केले. शत्रू येणार तो याच बाजूने, म्हणून इथली भिंत साडेतीन मीटरपर्यंत जाड आणि तोफांच्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, बारीक. सगळ्यात खालच्या जंग्या शोधा. त्या आता जमिनीच्या पातळीखाली गेल्या आहेत, कारण नदीकाठची माती दलदलीची आणि बांधकामाचं वजन अफाट; बुरूज खचले आणि कललेही.

जाताना खिशात एक दोरी ठेवा. तिला घराची किल्ली बांधा, झाला ओळंबा. हात लांब करून, एक डोळा मिटून, उजव्या हाताच्या बुरुजाच्या कडेला दोरी लावा. मी लावली तेव्हा किल्ली स्थिर झाली आणि बुरूज दोरीपासून हळूहळू सरकत गेलेला दिसला. नुसत्या डोळ्यांना ते इतकं पटत नाही.

मग कमानीतून पलीकडे जा आणि मागे वळा. शहराकडची भिंत एक मीटरही जाड नाही, खिडक्याच खिडक्या. आपल्याच माणसांपासून भिंत कशाला हवी? तिथे 1477 आणि 1871 ही सालं कोरलेली आहेत. दुसरं साल दुरुस्तीचं. पहिल्यावर विसंबू नका, काम एक वर्ष पुढे गेलं होतं.

एकामागोमाग अशा चार वेशी होत्या, उरली ही एक. बाहेरची एक तर 1853 मध्ये रेल्वेसाठी पाडली. हिलाही पाडायचं घाटत होतं. 1863 मध्ये मतदान झालं आणि एका मताने ती वाचली. आपला कोट पडत होता, तेव्हाचीच ही गोष्ट.

आत संग्रहालय आहे, तेही पाहा. फोटो मात्र दुपारनंतर काढा. बाहेरची बाजू पश्चिमेला आहे, तेव्हाच तिच्यावर ऊन येतं.