झाकण कुणी काढलं?

साइटवर सेफ्टी सुपरवायझर म्हणून नवीन लागला असाल तर हेल्मेट, बेल्ट, टूलबॉक्स टॉक (काम सुरू करण्याआधी सुरक्षेबद्दल होणारं छोटं बोलणं) हे तुम्हाला येतंच. मी जिथे फसलो, तेवढंच नीट सांगतो.

नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडच्या एका सात मजली इमारतीवर मी वारांप्रमाणे तपासणी लावली होती. सोमवारी परांची, मंगळवारी लिफ्टचा डक्ट आणि स्लॅबमधले कटआउट (मुद्दाम सोडलेली भोकं), बुधवारी वायरिंग. एका मंगळवारी चौथ्या मजल्यावरचा कटआउट प्लायने झाकलेला होता, चारही कोपऱ्यांना खिळे होते. मी टिक केली. दुपारी शटरिंगवाल्यांना (काँक्रीटचे साचे बांधणाऱ्यांना) बीमच्या बाजूला प्लाय कमी पडला, तो त्यांनी इथून उपसून नेला. संध्याकाळी कुणीतरी तिथे एक अपुरा तुकडा नुसता टेकवून ठेवला. बुधवारी सकाळी डोक्यावर विटा घेऊन आलेल्या बाईंचा पाय त्यावर पडला. तुकडा खाली गेला. त्या कडेच्या सळ्या धरून लोंबकळल्या. मांडी फाटली, जीव वाचला. माझ्या रजिस्टरमध्ये त्या कटआउटसमोर 'सुरक्षित' लिहिलेलं होतं.

वार धरून तपासणी लावू नका. एक टोळी उठून दुसरी बसते, धोका तिथे असतो. रोज संध्याकाळी सगळ्या मुकादमांना विचारा, उद्या कोण कुठे? जिथे टोळी बदलणार, तिथे नवी टोळी चढायच्या आधी तुम्ही हजर पाहिजे. झाकणावर लाल रंगात 'खाली खड्डा' लिहा, मराठीत आणि हिंदीत, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी मोठी फुली मारा. झाकण काढायची परवानगी एकाच माणसाकडे ठेवा. आणि शटरिंगला जादा प्लाय आधीच मागवून घ्या. तो कमी पडला की तुमची झाकणं जाणारच, कितीही ओरडा.

पाऊस लागला की पेठ-सुरगाण्याची माणसं भाताच्या आवणीला गावी जातात आणि नवी टोळी येते. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगा. पायाच्या खोदाईत 1.5 मीटरपेक्षा खोल चराला आधार दिल्याशिवाय कुणालाही खाली उतरू देऊ नका. ओली काळी माती ढासळायच्या आधी इशारा देत नाही.

पूर्णवेळ सेफ्टी ऑफिसरसाठी बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात 500 कामगारांची अट होती, कामाच्या जागेवरच्या सुरक्षेच्या 2020 च्या संहितेत ती 250 झाली. नाशिकच्या बहुतेक इमारतींवर चाळीस-पन्नास माणसं असतात, म्हणजे सगळा भार तुमच्यावर. तयार चेकलिस्टच्या पीडीएफवर विसंबू नका, ती तुमची साइट न बघता लिहिलेली असते. मला खरं शिकवलं ते एका म्हाताऱ्या मुकादमाने. असा माणूस सापडला तर त्याच्या मागे मागे फिरा.

पहिल्यांदा काम थांबवाल तेव्हा ठेकेदार सगळ्यांसमोर झापेल. माझा आवाज कापला होता, तुमचाही कापेल. तरी थांबवा. दुसऱ्या वेळी एवढं जड जात नाही, आणि तिसऱ्या वेळी मुकादम स्वतःच विचारायला येतो, "साहेब, वर चढू का?"