सहलीचा शेवटचा दिवस वेरूळला कसा आखावा

शैक्षणिक सहलीची आखणी करताना पहिल्या दिवसाचा बारकाईने विचार होतो आणि शेवटच्या दिवसाच्या वाट्याला मात्र उरलेली ठिकाणे येतात. अजिंठा झाले, बीबी का मकबरा आणि पाणचक्की झाली, आता परतीच्या दिवशी वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, खुलताबादचा भद्रा मारुती आणि जाता जाता देवगिरीचा किल्ला, असा हिशेब कागदावर सहज जुळतो. प्रत्यक्षात दोन रात्री गप्पांत जागवलेली मुले त्या दिवशी अकरा वाजताच पेंगू लागतात आणि देवगिरीच्या अंधारीपर्यंत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेपर्यंत, पोहोचलेच, तर तिथे कोणी काय सांगितले हे कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी घृष्णेश्वर आणि वेरूळची निवडक लेणी एवढेच ठेवावे. देवगिरीला चढ-उताराचे तीन तास सहज लागतात, त्यामुळे तो आदल्या दिवशी घ्यावा किंवा सरळ सोडून द्यावा.

वार ठरवताना एक गोष्ट आधी पाहावी. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. सहल रविवारी निघून मंगळवारी परतणार असेल, तर शेवटच्या दिवशी लेण्यांचे फाटक बंद मिळेल. सोमवारी लेणी उघडी असतात, पण घृष्णेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असल्याने त्या दिवशी दर्शनाची रांग लांबते. श्रावण आणि महाशिवरात्रीच्या सुमारास तर विद्यार्थ्यांना घेऊन तिकडे जाऊच नये. शनिवार-रविवारची गर्दी टाळता येत असेल, तर बुधवार ते शुक्रवार हे दिवस सर्वांत सोयीचे पडतात.

तिकिटाचे काम आदल्या रात्रीच मार्गी लावावे. पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट लागत नाही, परंतु नववी-दहावीच्या वर्गात पंधरा पूर्ण झालेली मुले असतातच. त्यामुळे शाळेच्या शीर्षपत्रावर जन्मतारखांसह नावांची यादी, त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का, असा कागद तयार ठेवला की खिडकीवर प्रत्येकाचे ओळखपत्र शोधत बसावे लागत नाही. सामानही रात्रीच बांधून घ्यावे. सकाळी मोठ्या पिशव्या गाडीत गेल्या की त्या घरी पोहोचेपर्यंत बाहेर काढायच्या नाहीत, आणि अंगावर फक्त पाण्याची बाटली, वही, पेन्सिल व टोपी ठेवायची, हा नियम मुलांना स्पष्ट सांगावा. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतली असेल, तर परतीच्या मार्गावरचे थांबे आणि निघण्याची वेळ चालकाशी रात्रीच बोलून ठेवावी, कारण त्यांची झोप आणि जेवण हाही आपल्याच वेळापत्रकाचा भाग आहे.

सकाळी प्रथम घृष्णेश्वर घ्यावे. मंदिर लेण्यांपासून गाडीने अगदी थोड्या अंतरावर आहे आणि पहाटे रांग आखूड असते. आत जाण्यापूर्वी तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. मोबाईल व कॅमेरा बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळे ते गाडीतच एका शिक्षकाच्या ताब्यात द्यावेत. गाभाऱ्यात जाणाऱ्या पुरुषांना आणि मुलांना सदरा व बनियन काढावी लागते. हे ऐनवेळी कळले की आठवी-नववीची मुले लाजून रांगेतच अडतात, म्हणून ज्यांची इच्छा नसेल त्यांनी सभामंडपातूनच दर्शन घ्यावे असे आधीच सांगावे. तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. वर्गात निरनिराळ्या धर्मांची आणि घरांची मुले असतात आणि दर्शन हा सहलीचा सक्तीचा भाग होऊ शकत नाही. जी मुले आत जाणार नाहीत, त्यांच्यासोबत एका शिक्षकाने बाहेर थांबून शिखरावरचे लाल दगडातील कोरीव काम दाखवावे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि त्याआधी वेरूळच्या भोसल्यांपैकी मालोजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या आजोबांनी, त्याची डागडुजी केली होती. हा इतिहास मंदिराच्या आवारात उभे राहूनही नीट सांगता येतो.

लेण्यांत शिरताना क्रमांकांची मांडणी समजावून द्यावी. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन, अशी ती दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. चौतीसच्या चौतीस लेणी दाखवण्याचा हट्ट धरू नये. त्यात मुले चालतात फार आणि पाहतात थोडे. माझा क्रम असा असतो. जैन लेणी इतरांपासून बरीच दूर असल्याने सकाळी वाहनाने प्रथम तिथे जाऊन ३२ क्रमांकाची इंद्रसभा पाहावी, म्हणजे थकल्यावर ती गाळण्याचा मोह होत नाही. तिथून परत येऊन १० क्रमांकाचे विश्वकर्मा लेणे घ्यावे. त्याच्या छताला दगडातच लाकडी तुळयांसारख्या कमानी कोरलेल्या आहेत आणि म्हणूनच लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. दगडाला लाकडाची नक्कल करण्याची काय गरज होती, हा प्रश्न मुलांना विचारून दोन मिनिटे गप्प बसावे. आधीच्या काळातील लाकडी इमारतींपर्यंत कोणी ना कोणी पोहोचतोच.

त्यानंतर १२ क्रमांकाचे तीन ताल. येथे मोजणीची विशेष काळजी घ्यावी, हे मी एका प्रसंगानंतर शिकलो. खाली उतरल्यावर आमच्या गटात एक मुलगा कमी भरला आणि दहा मिनिटे सगळ्यांच्या जिवाची घालमेल झाली. तो वरच्या मजल्यावर होता. गाभाऱ्याच्या एका बाजूला ओळीने बसलेले सात बुद्ध मोजून झाल्यावर दुसऱ्या बाजूलाही सातच आहेत का, हे पाहायला तो मागे राहिला होता. तेव्हापासून दहा-दहा मुलांचे गट, प्रत्येक गटात जोड्या, आणि सर्वांच्या शेवटी चालणारा एक शिक्षक, अशी रचना मी मोडत नाही. प्रत्येक लेण्याच्या उंबऱ्यावर आत जाताना आणि बाहेर येताना मोजणी करावी. गाडीजवळ एकदाच मोजून भागत नाही. (त्या मुलाला रागावणे मला काही जमले नाही, मोजणी त्याचीही बरोबर होती.)

१६ क्रमांकाच्या कैलास मंदिरासाठी किमान दीड तास राखावा, आणि तो दुपारकडे ठेवावा. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे सकाळी त्यांच्या दर्शनी भागावर सावली असते आणि दुपार कलल्यावर ऊन आत येते. येथे व्याख्यान देण्याआधी मुलांना अंगणात उभे करून वर पाहायला सांगावे. सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद असा हा चौक डोंगर उतरत्या क्रमाने कापून काढलेला आहे. म्हणजे शिखर आधी झाले आणि जोते शेवटी. हे वाक्य ऐकून मुले मान हलवतात, पण त्यांना ते कळलेले नसते. त्यासाठी साबणाची एक वडी आणि पट्टी सोबत न्यावी. वडीच्या वरच्या बाजूने तीन बाजूंना चर पाडून मधला ठोकळा मोकळा करून दाखवला की, कारागिरांना परांची का बांधावी लागली नसेल आणि एकदा चुकून उडालेला दगड परत का जोडता येत नव्हता, हे दोन्ही एकदम लक्षात येते. मग चौकाच्या कड्यांवरच्या छिन्नीच्या खुणा दाखवाव्यात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा हा काळा पाषाण आहे, हे भूगोलाच्या शिक्षकांनी येथेच सांगावे. आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळी हे काम झाले, आणि बडोद्याला मिळालेल्या राष्ट्रकूट ताम्रपटात असे म्हटले आहे की, आपण हे कसे घडवले याचे खुद्द शिल्पकारालाही नवल वाटले. हा मजकूर मुलांना फार आवडतो.

चौकातील माहिती झाल्यावर लिहिण्याचे एकच काम द्यावे. मंदिराच्या दक्षिण बाजूला रावण कैलास हलवतो आहे असे मोठे शिल्प आहे. खाली बळ लावणारा रावण, वर शंकराचा हात धरून बिलगलेली पार्वती, पाठ फिरवून पळणारी दासी आणि पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबणारा शंकर, असे चारही जण वहीत ओबडधोबड का होईना, काढायला लावावेत. मग जवळच्या २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात नेऊन तोच प्रसंग शोधायला सांगावा. दोन शिल्पांत काय बदलले, हे मुले स्वतः सांगू लागली की शिक्षकाने बोलणे थांबवावे.

शिल्पांना हात लावू नये आणि भिंतीवर काही लिहू नये, हे सांगावे लागतेच. त्याबरोबर आरडाओरडा आणि अंगावर मारलेली अत्तरे यांचीही मनाई करावी, कारण लेण्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळ असू शकते. पावसाळ्यानंतर लगेच सहल असेल, तर २९ क्रमांकाच्या लेण्याजवळील धबधब्याकडे गट सोडू नये; तेथील दगड शेवाळलेले असतात.

जेवणानंतर तीन वाजता गाडी निघालीच पाहिजे, अशा बेताने सगळे मागे मोजत आणावे. खरेदीला पंधरा मिनिटे, आणि तीही गटागटाने, पुरे होतात. निघताना पालकांना एकच संदेश पाठवावा आणि त्यात पोहोचण्याची अंदाजे वेळ अर्धा तास उशिराचीच लिहावी. वाटेत मुले झोपतात, म्हणून वह्या गाडी सुटण्यापूर्वी गोळा कराव्यात, नाहीतर निम्म्या आसनाखाली राहतात. शाळेपाशी उतरल्यावर प्रत्येक मूल कोणाच्या ताब्यात दिले, याची यादीवर खूण करावी. चालकाला गाडी लगेच सोडू देऊ नये. एका शिक्षकाने मागच्या आसनापासून पुढपर्यंत फिरून बाटल्या, चपला आणि डबे गोळा करावेत, आणि शेवटच्या मुलाचे पालक येईपर्यंत दोघांनी फाटकाशी थांबावे.